परसबागेतील करडई

करडई (शास्त्रीय नाव: कार्थॅमस टिंक्टोरियस, संस्कृत: कुसुम्भ) ही सूर्यफुलाच्या कुलातील काटेरी, वर्षायू वनस्पती असून महाराष्ट्रात ती मुख्यतः रब्बी हंगामातील तेलबियांचे पीक म्हणून ओळखली जाते. कोवळ्या पानांची भाजी, पिवळी ते केशरी-तांबडी फुले, पाकळ्यांपासून मिळणारा रंग आणि वाळल्यावरही आकार न सोडणारी बोंडे यांमुळे ती परसबागेतही लावता येते. कमी पाण्यावर येणारे फुलझाड म्हणून अवर्षणप्रवण भागातील बागांसाठी ती विशेष उपयुक्त आहे. या लेखात धाराशिव जिल्ह्यातील तेर व आसपासच्या काळ्या जमिनीच्या परिसरास अनुसरून करडईची परसबागेतील लागवड व निगा यांची माहिती दिली आहे.

तेर परिसर आणि करडई

तेर हे धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले प्राचीन गाव आहे. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले तगर हेच असे मानले जाते. तेथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी परंपरेत त्याला मान आहे. परिसरातील जमीन बहुतांशी काळी, कापसाची. पाऊस बेभरवशाचा असून त्याचा मोठा वाटा ऑगस्ट व सप्टेंबरवर अवलंबून असतो. सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस झाला की काळ्या मातीच्या पोटात ओल साठते आणि रब्बीची सारी भिस्त या ओलीवरच असते.

अशा जमिनीत करडई पूर्वापार घेतली जाते. सलग पेरण्यापेक्षा ज्वारी, हरभरा किंवा गहू यांच्यात काही तासे करडईची ठेवण्याची, तसेच शेताच्या कडेने तिच्या ओळी लावण्याची पद्धत अधिक रूढ होती. कडेच्या ओळींचा हेतू कुंपणाचा असे. मोकाट जनावर काट्याच्या ओळीत तोंड घालत नाही आणि आतले पीक वाचते. गेल्या काही दशकांत मात्र मराठवाड्यात सोयाबीन व हरभरा यांचे क्षेत्र वाढले, बाहेरून येणाऱ्या स्वस्त पामतेलाने करडईच्या तेलाची जागा घेतली आणि काट्यांमुळे काढणीस मजूर मिळणे कठीण झाले. परिणामी करडईचे क्षेत्र फार घटले. तेलाबरोबर भाजी, पाकळ्या आणि घरचे बियाणेही दुर्मीळ झाले. पीक म्हणून करडई परत आणणे बाजारभावावर अवलंबून आहे, परंतु भाजी व बियाणे टिकवण्यास अंगणातील एक वाफाही पुरतो.

वनस्पतीची ओळख

करडईचे मूळस्थान पश्चिम आशिया मानले जाते. प्राचीन इजिप्तमध्ये तिच्या फुलांचा रंगासाठी उपयोग होत असे. शास्त्रीय नावातील ‘टिंक्टोरियस’ या शब्दाचा अर्थच ‘रंगाऱ्याच्या कामाचा’ असा आहे.

उगवणीनंतर पहिले तीन-चार आठवडे झाड वर वाढत नाही. जमिनीलगत पानांचा चक्राकार झुबका तयार होतो आणि तेवढ्याच काळात सोटमूळ वेगाने खाली उतरते. नवख्यास या टप्प्यात झाड खुंटल्यासारखे वाटते, म्हणून तो खत-पाणी वाढवतो आणि नेमके नुकसान करतो. पुढे खोड उंच होऊन त्यास फांद्या फुटतात. झाडाची उंची जात व ओल यांनुसार साधारणतः अर्धा ते सव्वा मीटर होते. खालची पाने मऊ आणि जवळजवळ बिनकाट्याची असतात. वरची पाने आणि बोंडाभोवतीची छदे यांच्या कडांना मात्र तीक्ष्ण काटे येतात. प्रत्येक फांदीच्या टोकाशी एक बोंड (स्तबक) असते व त्यात अनेक नळीसारखी पुष्पके असतात. व्यवहारात त्यांनाच ‘पाकळ्या’ म्हणतात. मधल्या खोडावरील बोंड प्रथम फुलते, नंतर फांद्यांवरील बोंडे क्रमाने फुलतात. पेरणीपासून फुलापर्यंत सुमारे ७५ ते ९० दिवस, तर बी पक्व होईपर्यंत १२० ते १४० दिवस लागतात.

जागा व माती

करडईला दिवसभर ऊन हवे. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत ती उंच, लुसलुशीत व कलती होते, बोंडे कमी धरते आणि मावा तिच्यावर लवकर पडतो. मध्यम ते भारी, खोल आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन उत्तम. काळ्या मातीच्या अंगणात पावसाचे पाणी साचत असेल, तर वाफा सभोवतालपेक्षा वीत-दीड वीत उंच करावा. मुरमाड जागीही करडई येते, पण तेथे ओल टिकत नसल्याने एखादे पाणी अधिक लागते.

सोटमूळ अनुकूल जमिनीत दोन मीटर किंवा त्याहूनही खोल जाते. झाडाची अवर्षण सोसण्याची शक्ती याच मुळात आहे, त्यामुळे मशागत करताना वरची माती भुसभुशीत करण्यापेक्षा खाली घट्ट थर राहणार नाही हे पाहणे महत्त्वाचे. घरबांधणीतील चुना, वाळू व विटांचे तुकडे पुरलेल्या अंगणात मूळ अडते आणि झाड ठेंगणे राहते.

कुंडीत लावायची असल्यास कुंडी किमान ४० सेंटीमीटर खोल असावी व तळाला मोठे छिद्र असावे. पसरट कुंड्या उपयोगी नाहीत. मातीची कुंडी बाजूंनी पाणी सोडते, म्हणून ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा बरी. गोरोबाकाकांच्या गावात हे निराळे सांगावे लागू नये. निव्वळ काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते. म्हणून तिच्यात जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे.

पेरणी

कोरडवाहू वाफ्यासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा योग्य काळ होय. पाण्याची सोय असल्यास ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरता येते. मात्र उशिरा पेरलेल्या झाडांवर माव्याचा जोर अधिक असतो. पावसाळ्याच्या आरंभी पेरणी करू नये. सततच्या ओलाव्यात पानांवर ठिपके व मूळकूज येऊन झाडे फुलाआधीच जातात.

बियांचे कवच टणक असल्याने त्या रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवून पेराव्यात. उगवण एकसारखी होते. बी ४ ते ५ सेंटीमीटर खोल, ओलीला लागेल असे टाकावे. दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत २० सेंटीमीटर अंतर शेतात ठेवतात. तेच बागेतही चालते. दहा चौरस मीटरच्या वाफ्यास १० ते १२ ग्रॅम बी पुरते. उगवण साधारणतः आठवडाभरात होते.

करडईचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये. सोटमूळ दुखावले की रोप जगले तरी खुरटे राहते. रोपवाटिकेतील पिशवीत वाढवलेल्या रोपांचे मूळ तळाशी वळलेले असते, म्हणून तीही टाळावीत. बी कायमच्या जागी टाकणे हाच खात्रीचा मार्ग होय.

विरळणी आणि भाजी

उगवणीनंतर १५ ते २० दिवसांनी प्रत्येक जागी एक जोमदार रोप ठेवून बाकीची उपटतात. उपटलेली रोपे म्हणजेच करडईची पालेभाजी. ती लसणाच्या फोडणीवर, मुगाची डाळ किंवा बेसन घालून करतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. चव किंचित उग्र असते. पाने काटे धरण्यापूर्वीच खुडावी लागतात, त्यामुळे या भाजीचा हंगाम जेमतेम महिनाभराचा असतो. बी दोन-तीन हप्त्यांनी टाकल्यास तो थोडा लांबवता येतो.

खोड वर निघू लागल्यावर एकदा शेंडा खुडला, तर फांद्या अधिक फुटतात व बोंडांची संख्या वाढते. हे काम एकदाच करावे. कळी दिसू लागल्यानंतर शेंडा खुडल्यास मुख्य बोंडच जाते. धाराशिव व लातूर भागात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, घरोघरचे लोक शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण करतात. त्या सुमारास वेळेवर पेरलेली करडई काटे धरून कळ्या-फुलांवर आलेली असते आणि भाजीचे दिवस केव्हाच संपलेले असतात.

पाणी

बागेतील करडई मरते ती बहुधा तहानेने नव्हे, पाण्याने. पेरणीच्या वेळी जमिनीत पुरेशी ओल असेल, तर काळ्या मातीत एकही पाणी न देता झाड फुलापर्यंत जाते. ओल कमी असल्यास पहिले पाणी ३० ते ३५ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. याहून अधिक पाण्याची साधारणतः गरज नसते.

काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. पाणी द्यायचे असेल तर भेगा पडण्यापूर्वीच, तेही हलके द्यावे. मोठ्या भेगा पडल्यानंतर पाणी सोडले, की ते भेगांतून थेट खोलवर जाऊन मुळांभोवती साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि दोन-चार दिवसांत उभी झाडे माना टाकतात. झाड सुकलेले पाहून माळी आणखी पाणी देतो, आणि उरलेली झाडेही जातात. पाटाने वाफा भरून ठेवण्याची सवय करडईच्या बाबतीत सोडावी लागते. गुलाब, मोगरा यांसारख्या नित्य पाण्याच्या झाडांच्या वाफ्यात, किंवा ठिबक सिंचनाच्या एकाच नळीवर, करडई त्यांच्याबरोबर लावू नये.

भेगा टाळण्यासाठी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हलक्या खुरपण्या कराव्यात. वरचा भुसभुशीत थर खालची ओल धरून ठेवतो. ज्वारीचे धाट किंवा वाळलेला पालापाचोळा ओळींमध्ये अंथरल्यानेही हा हेतू साधतो. कुंडीतील करडईला अर्थातच अधिक वेळा पाणी लागते. तरी बोट दोन पेरे आत घातल्यावर माती कोरडी लागली, तरच ते द्यावे. फुले येऊ लागल्यावर पाने व बोंडे भिजतील असे पाणी वरून कधीही घालू नये.

खत

पेरणीपूर्वी कुजलेले शेणखत मिसळले असल्यास वेगळ्या खताची गरज क्वचितच भासते. नत्र जास्त झाल्यास झाड माजते, पानांचा पसारा वाढतो आणि मावा ओढवतो.

मावा व रोग

मावा ही करडईची मुख्य कीड होय. काळसर रंगाच्या या बारीक किडी कोवळे शेंडे, पानांची मागची बाजू व कळ्यांचे देठ यांवर दाट बसून रस शोषतात. त्यांच्या शरीरातून स्रवणारा गोड चिकटा पानांवर पसरतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आभाळ ढगाळ राहिले की मावा झपाट्याने वाढतो. तो प्रथम वाफ्याच्या कडेच्या झाडांवर दिसतो, म्हणून आठवड्यातून दोनदा कडेची झाडे निरखावीत आणि किडीने भरलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. त्यानंतरही प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या माव्यावर जगतात. त्या दिसत असल्यास फवारणी लांबवणे शहाणपणाचे ठरते. पाकळ्या किंवा भाजी खाण्यासाठी घ्यायची असेल, त्या वाफ्यात रासायनिक कीटकनाशक वापरू नये.

मर रोग जमिनीतील बुरशीमुळे होतो. झाडाची पाने एका बाजूने पिवळी पडून सुकतात आणि खोड उभे चिरल्यास आतील भाग तपकिरी दिसतो. अशा झाडावर उपाय नसतो. ते मुळासकट उपटून जाळावे व त्या जागी पुढील तीन-चार वर्षे करडई लावू नये. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळल्यास रोगाचा धोका कमी होतो.

काटे आणि बिनकाटेरी वाण

करडईचे काटे हिरवे असताना टोचतात व वाळल्यावर रुततात. म्हणून पायवाट, ओसरी किंवा मुलांची खेळण्याची जागा यांपासून ओळ दूर, शक्यतो कुंपणालगत घ्यावी. काढणीची जुनी रीत बागेतही पाळण्याजोगी आहे. पहाटे दव पडलेले असताना काटे नरम असतात. तेव्हाच हाताला जाड फडके गुंडाळून झाडे कापावीत. ऊन चढल्यावर तेच काम दुप्पट वेळ घेते आणि हात सोलवटतात.

काट्यांची अडचण दूर करण्यासाठी बिनकाटेरी वाण निर्माण करण्यात आले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी ६’ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘पीबीएनएस ४०’ हे त्यांतील परिचित वाण होत. काटेरी वाणांत ‘भीमा’, ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ व ‘फुले कुसुमा’ ही नावे शेतकऱ्यांत रुळलेली आहेत. पाकळ्या गोळा करण्यासाठी किंवा मुलांचा वावर असलेल्या बागेसाठी बिनकाटेरी वाण अर्थातच सोयीचे आहेत. परंतु पोपट व इतर पक्षी त्यांची बोंडे सहज फोडतात आणि मोकाट जनावरेही त्यांना भीत नाहीत. कुंपणाचा हेतू असेल तर काटेरी करडईस पर्याय नाही.

फुले व पाकळ्या

तेर परिसरात वेळेवर पेरलेली करडई डिसेंबरअखेर व जानेवारीत फुलते. फूल उमलताना पिवळे किंवा नारिंगी असते आणि कोमेजताना तांबूस होते. या दिवसांत मधमाश्या वाफ्यावर सतत असतात. फुलदाणीसाठी फांद्या कापायच्या असल्यास बोंड अर्धे फुललेले असताना कापाव्यात. त्यांच्या लहान जुड्या बांधून सावलीत, हवेशीर जागी उलट्या टांगल्या की रंगासह वाळतात व कित्येक महिने टिकतात.

पाकळ्या गोळा करायच्या, पण बीही हवे असेल, तर उमललेले फूल तोडू नये. परागीभवन होऊन फूल कोमेजले, पाकळ्या तांबूस व कोरड्या दिसू लागल्या, की त्या चिमटीने ओढून घ्याव्यात. त्या वेळी खालच्या बियांची धारणा झालेली असल्याने उत्पन्न घटत नाही. पाकळ्या सावलीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवतात व त्यांचा काढा चहासारखा घेतात. स्वस्तात केशराचा रंग आणण्यासाठी, आणि केशरात भेसळ करण्यासाठीही, त्या वापरल्या जातात. खऱ्या केशराचा तंतू एका टोकाशी कर्ण्यासारखा रुंदावतो. करडईचे पुष्पक नळीसारखे असून त्याचे टोक पाच फाट्यांत चिरलेले असते. पाण्यात भिजवून पाहिल्यास हा फरक साध्या डोळ्यांनी कळतो.

पाकळ्यांत दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे पाण्यात विरघळते. तांबडे, म्हणजे कार्थॅमिन, साध्या पाण्यात विरघळत नाही, क्षारयुक्त पाण्यात विरघळते. कुसुंबी रंगाची सारी कृती या फरकावर उभी आहे. पाकळ्या फडक्यात बांधून थंड पाण्यात पिवळा रंग निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात. मग त्या सोड्याच्या किंवा राखेच्या निवळीत भिजवून तांबडा अर्क काढतात. या अर्कात सुती किंवा रेशमी कापड बुडवून लिंबाचा रस घातला, की आंबटपणामुळे रंग द्रावणातून सुटून धाग्यावर बसतो. मिळणारी छटा गुलाबीपासून गडद तांबडीपर्यंत असते. हा रंग देखणा पण नाजूक आहे. तो उन्हात उडतो व साबणाने उतरतो. जपानमध्ये याच तांबड्या रंगद्रव्यापासून ओठांना लावायचा रंग तयार करण्याची परंपरा आहे.

तत्सम काटेरी फुलझाडे

युरोपातील बागांत ‘सी हॉली’ नावाने लावली जाणारी निळसर काटेरी फुलझाडे एरिंजियम या प्रजातीतील, म्हणजे गाजराच्या कुलातील आहेत. करडईशी त्यांचे नाते दूरचे असले तरी त्यांची निगा आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. सोटमूळ खोल, स्थलांतर असह्य, निकृष्ट व निचऱ्याची जमीन पसंत, ओल्या मुळांनी मरण, आणि सुकवल्यावर टिकणारी फुले. त्यांतील अनेक जातींच्या बियांना उगवणीपूर्वी काही आठवडे कडक थंडी लागते व पावसाळी दमटपणा त्यांना सोसत नाही. त्यामुळे मराठवाड्यात त्यांचा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. कोकणातील खाड्यांच्या काठी वाढणाऱ्या मारांडी या काटेरी पानांच्या झुडपासही इंग्रजीत ‘सी हॉली’च म्हणतात, पण ती कांदळवनातील, ओल्या मातीत वाढणारी वनस्पती आहे. नावावरून दोहोंची निगा एकच समजू नये.

तेरच्या आसपास पडीक जमिनीवर उगवणारी उटकटारी किंवा काटेचेंडू हे रूपाने एरिंजियमला सर्वांत जवळचे देशी झाड होय. तिची निळसर-पांढरी, चेंडूसारखी गोल फुले आणि पांढुरकी लव असलेली काटेरी पाने कोरड्या बागेत उठून दिसतात. ती करडईच्याच कुलातील असून बियांपासून, कायमच्या जागी आणि पाणी न वाढवता वाढवावी. तिचे बी शेतात तण होऊन पसरते, म्हणून फुले पूर्ण वाळण्यापूर्वी कापून घ्यावीत.

बी धरणे

पाने व बोंडे तपकिरी झाली आणि बी पांढरे, टणक झाले की झाडे कापून दोन-चार दिवस उन्हात ठेवावीत व काठीने झोडपून बी मोकळे करावे. बियाण्यासाठी निरोगी झाडांच्या मधल्या खोडावरील पहिली बोंडे आधीच निराळी खुडून ठेवणे चांगले, कारण त्यांतील बी भरदार असते. मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागण होत असल्याने काटेरी व बिनकाटेरी वाण जवळजवळ लावल्यास पुढील पिढीत सरमिसळ दिसते. घरचे बी राखणाऱ्याने एका हंगामात एकच वाण लावावा. चांगले वाळलेले बी कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात कोरड्या जागी ठेवल्यास पुढील हंगामात समाधानकारक उगवते. जुन्या बियांची उगवण पेरणीपूर्वी पाहून घ्यावी. ओल्या फडक्यात शंभर बिया गुंडाळून आठवड्याने मोजल्यास त्यांपैकी किती उगवल्या ते कळते, आणि तेवढ्या हिशेबाने बी अधिक टाकता येते.